आय्तु म्हणजे काय

तीन विभागांनी मिळून चार वर्षं चालवलेला प्रकल्प यशस्वी झाला का, एवढंच स्मृतीला लिहून द्यायचं होतं. कलघटगीजवळच्या एका गावातल्या बायकांचं रक्त वाढावं म्हणून धारवाडातले डॉक्टर, माती-पाणी तपासणारे मातीवाले आणि भाषावाले एकत्र आले होते. भाषावाली म्हणजे स्मृतीच; बायकांची कन्नड उत्तरं नोंदवायचा तक्ता तिनं केला होता. आपल्या कामाला आपणच गुण द्यायचे, काय ती रीत!

शंभरातल्या नव्वद बायकांनी गोळ्या घेतल्याची नोंद होती, रक्त मात्र जिथल्या तिथं. डॉक्टर म्हणत पाण्यात दोष आहे, मातीवाले म्हणत गोळ्यांत.

"अकरा शोधनिबंध छापून आले की! यशस्वी लिही आणि मोकळी हो," प्रकल्पप्रमुख सुमंत सर म्हणाले.

स्मृतीला राहवेना. ती बस धरून गावात गेली. नोंदीतल्या लक्कव्वाच्या घरी तिची सून नेत्रा भिंतीला टेकून धापा टाकत होती. सातवा महिना, आणि ओठ पांढरेफटक.

"गोळ्या घेतेस ना ग?" स्मृतीनं कन्नडमध्ये विचारलं.

"आय्तु री, अक्का." शब्दशः, 'झालं, ताई.'

लक्कव्वानं डबा पुढं केला. आत गोळ्यांची पाकिटं होती, एकही फोडलेलं नव्हतं.

"मग घेतल्या असं का सांगता?"

"घेतल्या कुठं म्हटलं? आय्तु म्हटलं. बरं बाई, या आता, असं! दारात आलेल्याला नाही कसं म्हणायचं?" लक्कव्वा चिडली. "गोळी घेतली की पोरीला ओकारी होते. कुणी विचारलंत?"

'आय्तु म्हणजे घेतली' असं तक्त्यात स्मृतीनंच लिहून दिलं होतं. धारवाडच्या सुभाष रोडवर दुकानदाराला टाळायला दिवसातून दहादा आय्तु म्हणणारी बाई ती! स्वतःचीच तिला शरम वाटली.

गाडी करून तिनं नेत्राला आणि लक्कव्वाला हुबळीच्या दवाखान्यात पोचवलं. हिमोग्लोबिन अकराच्या जागी साडेपाच निघालं. तिथूनच फोन करून तिनं सरांना सगळं सांगितलं.

"त्याच तक्त्यावर तुला डॉक्टरेट मिळालीय, हे ध्यानात ठेव," सर थंडपणे म्हणाले. "ती पदवी जाईल. नोकरीही जाईल."

धारवाडला परतून स्मृती अहवाल घेऊन बसली. यशाच्या रकान्यात तिनं 'नाही' लिहिलं, आणि चुकीला जबाबदार कोण, तिथं स्वतःचं पूर्ण नाव. अहवाल पाठवून दिला आणि दवाखान्यात थांबलेल्या लक्कव्वाच्या मोबाइलवर फोन लावला.

तिनं उचलला. नेत्राला रक्त चढवत होते. बाळाचे ठोके मात्र अजून सापडत नव्हते.