झाकणावरचा आकडा

फ्रिजच्या वरच्या फळीवर बाटल्या चौदा होत्या. बाराजणींच्या अंगावर क्रमांकाचे स्टिकर होते. उरलेल्या दोघींचे क्रमांक, सात आणि आठ, नुसते झाकणावर पेनाने लिहिलेले होते. परवा स्टिकरची गुंडाळी संपली होती आणि नवी आणायला खालच्या मजल्यावर जायचा टिपणीला कंटाळा आला होता.

टिपणी हे तिचं पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत पडलेलं नाव. दिसेल ते टिपून ठेवायची म्हणून. वहीच्या पहिल्या पानावर तिने तीन संकल्प लिहिले होते : रोज दहा पानं वाचायची, रोज एक तरी गमतीची ओळ लिहायची, आणि वर्षाच्या आत नोकरीत कायम व्हायचं. सध्या ती पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कुणा बाईंचं पुस्तक वाचत होती. आधी नीट बघा, मग लिहा, एवढंच त्या पानोपानी सांगत होत्या. टिपणीने ते मनावर घेतलं. पक्षी नव्हते, तर बाटल्या होत्या.

आज परवाच्या बाटल्या रिकाम्या करण्याआधी तिने सहज वहीतलं त्या दिवशीचं पान उघडलं. 'सातवी पोटात निळी होडी घेऊन आलीय. होडी मोहरीएवढी, प्रवासी कुणी नाही.' सातवी म्हणजे शाळेची टाकी. नुकतीच रंगवलेली, त्या रंगाचा पापुद्रा पाण्यात उतरला होता. ओळ लिहिली तेव्हा झाकण उघडलंही नव्हतं.

तिने सातचं झाकण असलेली बाटली खिडकीकडे धरली. पाणी नितळ. हलवून पुन्हा धरली. मग आठवी उचलली.

होडी आठवीत तरंगत होती.

परवा तिने दोन्ही झाकणं एकदम काढून टेबलावर ठेवली होती. त्यांची अदलाबदल झाली कधी? पाणी गाळून तपासणीच्या बश्यांत जंतू उगवायला ठेवल्यावर झाली असेल तर काही बिघडलं नाही. आधी झाली असेल तर बश्यांवरचे क्रमांकही उलटे. सातव्या बशीत जंतूंचा एकही ठिपका उगवला नव्हता, आठवीत एक्केचाळीस. आठवी रोपवाटिकेच्या बोअरची. झाडांना काही पोट नसतं, म्हणून त्या आकड्याने कुणाची भुवईसुद्धा हलली नव्हती. आणि शाळेला 'पिण्यायोग्य' असा अहवाल काल दुपारीच गेला होता.

त्या शाळेत तिची भाची पहिलीत होती. तिने ताईला फोन लावला.

"ताई, पोरगी बरी आहे ना गं?"

"तुला कुणी सांगितलं? सकाळपासून पोट धरून बसली होती. नाटकं सगळी. आज पाढे म्हणायचे होते ना! पाठवली तशीच."

"पाणी कुठलं पिते?"

"शाळेतलं. तूच म्हणालीस ना काल, डोळे मिटून पिऊ दे म्हणून?"

टिपणीने फोन ठेवला. बेसिन दोन पावलांवर होतं. बाटली ओतली, वहीचं पान फाडलं, की कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. तिच्या कायम होण्याच्या कागदावर प्रयोगशाळेच्या प्रमुख, म्हणजे बाई, सोमवारी सही करणार होत्या. तिने नळाकडे पाहिलं. मग बाटली आणि वही छातीशी धरून ती शेजारच्या खोलीत गेली.

"काय गं, भूत बघितलंस की काय?" बाई म्हणाल्या.

"बाई, होडी चुकीच्या बाटलीत आहे."

"होडी?"

टिपणीने सगळं सांगितलं. बाईंनी ओळ वाचली, बाटली उजेडात धरली.

"क्रमांक कुठे लिहायचा असतो?"

"बाटलीच्या अंगावर."

"का?"

"झाकणं फिरतात."

"वा! तोंडपाठ आहे. फक्त हातांना कुणी कळवलं नाही." बाईंनी फोन उचलला. आवाज एकदम बदलला. "मुख्याध्यापक आहेत का? सगळे नळ बंद करा. हो, आत्ताच्या आत्ता. कालचा अहवाल मी मागे घेतेय."

फोन ठेवून त्यांनी वही परत दिली. "सोमवारचं सोमवारी बघू. आधी नवा नमुना घेऊन ये. आणि पोरी, स्टिकर घेऊन जा."

शाळेच्या गच्चीवर टिपणीने बाटली भरली. स्टिकर अंगठ्याने तीनदा दाबला. प्रयोगशाळेत परतून पावणेचारला बशी उबवणीला ठेवली. चोवीस तासांच्या आत काहीच करता येण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी दहा पानं वाचायला बसली, तर एकच ओळ सात वेळा वाचली. आठ वाजता ताईचा फोन आला. "ताप चढलाय गं तिला. डॉक्टरकडे निघालोय. पाण्यात काही होतं का?"

"उद्या पावणेचारला सांगते," टिपणी म्हणाली, "तोवर उकळलेलंच दे." त्या दिवशी गमतीची ओळ तिने लिहिली नाही.

दुसऱ्या दिवशी पावणेचारला तिने बशी बाहेर काढली, भिंगाखाली धरली आणि दोनदा मोजली. बाईंनी तिसऱ्यांदा मोजली.

शाळेची टाकी, शंभर मिलिलिटर पाणी : ठिपके अडतीस.