चौदाव्या प्रश्नाचं उत्तर

'समाजशास्त्रीय पाहणी' असं ठळक छापलेल्या पन्नास फॉर्मांचा गठ्ठा घेऊन नाशिकच्या एका कॉलेजातली सहा मुलं आणि त्यांचे सर विंचूरजवळच्या एका गावी सकाळच्या एस.टी.नं उतरले. साल १९७९, ऐन एप्रिल. सहांत मुलगी एकच, चांगुणा. वडील निवृत्ती गांगुर्डे टपालखात्यात कारकून, आणि बौद्ध वसाहतीतल्या त्या घरातून बी.ए.ला पोचलेली ही पहिलीच पोर. समाजशास्त्र म्हणजे समाज जसा आहे तसा बघणं, असं सरांनी वर्गात सांगितलं होतं. बिचारीला ते खरं वाटलं होतं.

आता पाहणी कुठं व्हावी? तर सरपंच बहिरू पाटलांच्या ओट्यावर! गादी पसरली, पोह्यांच्या बशा आल्या आणि सर प्रश्न वाचू लागले.

चौदावा प्रश्न आला. पाणवठ्यावर शिवाशिव पाळली जाते का?

"छ्या! आमच्या गावात असलं काय नाय," पाटील म्हणाले. "लिव्हा बिनघोर."

"'नाही' लिहा," सर म्हणाले. "बाकीच्या घरांचंही हेच धरा. ऊन फार आहे."

पाचही पोरांनी माना खाली घालून लिहिलं. चांगुणाचा पेन अडला. येताना तिनं विहिरीपाशी गावाबाहेरच्या दलित वस्तीतल्या ठमाबाईला पाहिलं होतं. म्हातारी रिकामा हंडा घेऊन कठड्यापासून दहा हात लांब बसली होती. "आमी पोहरा सोडायचा नाय, माय. कुनी वरून ओतलं तं घ्यायचं," असं तिनं सांगितलं होतं. ती दिवस उगवल्यापासून बसलेली होती.

"सर, वस्तीत कुणी गेलंच नाही," चांगुणा म्हणाली.

सरांनी आवाज खाली आणला. "समाजशास्त्रीय दृष्टी तटस्थ असते. आणि या पाहणीचे गुण मीच देणार आहे, विसरू नकोस."

तटस्थ म्हणे! पाटलाचे पोहे चापायचे, त्याच्याच तोंडचं लिहायचं आणि वर त्याला शास्त्र म्हणायचं! चांगुणाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं एक कोरा फॉर्म आणि शाईची डबी उचलली आणि तडक विहिरीवर गेली.

ठमाबाई तिथंच होती. चांगुणानं तिला विचारून एकेक उत्तर लिहिलं. चौदाव्यापुढं 'होय' लिहिलं.

"आजी, कामाला कुणाकडं जाता?"

"पाटलाच्याच वावरात. कांदं काढाया."

चांगुणानं डबी मिटली. "मग अंगठा नको. तुमचं काम जाईल."

एवढ्यात पाटील आणि सर तिथं आलेच. "ठमे," पाटील गरजले, "अंगठा लावलास तं उद्यापासून वावरात दिसू नको!"

म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली. "तुज्या वावरात आमचा घाम चालतो रं, अन् हिरीवर हात चालत नाय?" तिनं स्वतःच डबी उघडली. "कुठं लावू, पोरी?"

अंगठा उमटला. खाली चांगुणानं आपलं पूर्ण नाव लिहिलं. सर घड्याळाकडं बघत राहिले.

गावात सलोखा नांदतो, असा सरांचा अहवाल यथावकाश छापून आला. चांगुणाला पाहणीत शून्य पडलं आणि ठमाबाईचं काम सुटलं. तुम्हीआम्ही तो अहवाल वाचला असता, तर मान डोलावून पान उलटलं असतं. चांगुणानं रद्दीवाल्याकडून पाठकोरे कागद आणले, त्यावर तेच प्रश्न हातानं लिहिले आणि पुढच्या रविवारी ती त्याच एस.टी.त बसली. या वेळी ती वस्तीतल्या पहिल्या घरापासून सुरुवात करणार होती.