बसच्या तिकिटाची जाडी

८१ अंश

काडेपेटीएवढी तांब्याची प्लेट. तिच्यात तीन-चार केस बसतील एवढ्या रुंदीच्या चाळीस सरळ चरी. चरींतून पाणी, खाली संगणकाच्या चिपच्या जागी हीटर; तो गार ठेवायचा. पाणी कितीही ढकला, हीटर ८१च्या खाली येईना. माझ्या पीएचडीची तीन वर्षं असंच.

चरी कापायचे वर्कशॉपचे मिस्त्री.

"ताई, रेघ सरळच आहे. पाणीच तुमचं आळशी."

काम मनासारखं झालं की ते प्लेटच्या कोपऱ्यात पंचने ठिपका मारत. ती त्यांची सही.

७४ अंश

"ही फेकून द्या." मिस्त्रींची मान खाली. कापताना प्लेट सरकत गेली होती, कटर चरींमधल्या भिंतींत तिरका घुसला होता. ठिपका नव्हता.

तांबं संपलं होतं, म्हणून मी तीच लावली. हीटर ७४वर उतरला.

सरळ चरीत भिंतीलगतचं पाणी तापतं आणि तिथंच लोळत पडतं, मधलं गार पाणी नुसतं पळून जातं. भिंत तुटली की लोळणाऱ्याला उठावं लागतं. एवढंच. तीन वर्षांत मला सुचलं नव्हतं.

८१, ७९, ८१

माझे गाईड सर म्हणाले, "एकदा झालं तो योगायोग. तशीच दुसरी प्लेट दाखव, नाहीतर प्रबंधातून काढून टाक."

म्हणजे तीन वर्षं पाण्यात.

मिस्त्री महिनाभर चुकायला शिकत होते. मुद्दाम घाव घालताना हात आखडायचा.

"बायको म्हणते, घरी रोज चुकता, तिथेच काय झालं?"

पुन्हा ७४

एका सकाळी ते धावतच आले. "तिकीट! त्या दिवशी टेकूची पितळी पट्टी सापडेना, म्हणून प्लेटखाली बसच्या तिकिटाची घडी सारली होती. मशीनचं तेल मुरलं, घडी मऊ पडली, प्लेट सरकली."

"मग घाला की तिकीट."

"शेवटच्या स्टॉपचंच हवं. ते लांब असतं, घडी जाड होते."

रविवारी आम्ही दोघं शेवटच्या स्टॉपपर्यंत गेलो. तिथे उतरायचं काहीच कारण नव्हतं. कंडक्टरने विचारलं, "काका, इकडे कुणाकडे?"

"चूक करायला," मिस्त्री म्हणाले.

सोमवारी ७४.

त्यांनी पंच प्लेटच्या कोपऱ्यावर टेकवला, पुन्हा उचलला. "चुकीवर सही करू?"

"दोनदा जमली, मिस्त्री. आता कसली चूक?"

खोलीचं तापमान

आता तिकीट फोनवर येतं. नवी मशीन सांगू तितक्या तिरक्या चिरा पाडते, हूं की चूं न करता. मिस्त्रींच्या स्टुलावर कुणीतरी प्रिंटर ठेवलाय.

दुसरी प्लेट माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, त्याच तेलकट तिकिटाच्या घडीवर ठेवलेली. कोपऱ्यात ठिपका. नेहमीच्या जागेपासून जरासा सरकलेला.

हात चुकला होता की मुद्दाम, हे मिस्त्रींना विचारायचं राहूनच गेलं.