दाटीतले कांचन

मित्रांनो, माझ्या मुठीचे साल निघाले आहे, पात्यांवर गंज चढला आहे आणि कुरकुर केल्याशिवाय मला तोंड उघडता येत नाही. तरीही मी चांगल्या घरात नांदलेली छाटणीची कात्री आहे, हे आधीच सांगून ठेवते.

कारखान्यात मला तापवले, ठोकले, घासले आणि एका मावशीने भाचीसाठी विकत घेतले. भाची मावशीच्या परसात दिवसदिवस रमायची. कोणती फांदी कुठे वळते, कोणत्या कोपऱ्यात ऊन आधी पोचते, हे बघत बसायची. मला तिच्या हातात देताना मावशी म्हणाली, "कापायच्या आधी झाडाभोवती एक चक्कर मार. मगच हात घाल."

मोठी झाल्यावर ती वडिलांच्या इच्छेखातर बँकेत चिकटली. मन काही लागेना. शेवटी नोकरी सोडून ती बागांचे आराखडे करायला शिकली. "माळीकाम करायला एवढी शिकलीस का?" एवढेच वडील बोलले आणि त्यांनी अबोला धरला. जेवताना घरात फक्त ताटवाट्यांचा आवाज यायचा. तिला वाईट वाटायचे, पण कामात ती खूश होती. रोज मला पुसून तेल लावायची. माझे सुखाचे दिवस तेवढेच.

तिचे पहिले मोठे काम म्हणजे एका रुग्णालयाचे मधले अंगण. आराखड्यात तिने कांचनाची तीन झाडे दाखवली होती. ती पाहून व्यवस्थापकांनी नाक मुरडले.

"ताई, उद्घाटनाला फोटो निघणार. अंगण भरलेलं दिसायला हवं. ही तर टकलावर चार केस असल्यासारखी दिसतील."

आधी दाट लावायचे आणि मग विरळ करायचे, अशी या धंद्यात रीतच आहे. तिने नऊ लावली आणि पुढच्या वर्षी सहा काढायची असे ठरवून घेतले. फोटो झकास आले. वडिलांनी ते शेजाऱ्यांना दाखवले म्हणे, तिला मात्र चकार शब्द बोलले नाहीत.

पुढच्या वर्षी ती मला घेऊन गेली. खोडे तेव्हा अंगठ्याएवढी होती, माझ्या तोंडात सहज मावली असती. पण व्यवस्थापक म्हणाले, "हिरवीगार झाडं तोडली तर लोक माझ्या नावानं शंख करतील. राहू द्या." पुढचे काम त्यांच्याच ओळखीने मिळायचे होते. ती गप्प बसली आणि मी खणात जाऊन पडले.

मग बरीच वर्षे कोणी माझ्याकडे ढुंकून पाहिले नाही.

वडील आजारी पडले तेव्हा त्यांना नेमकी त्याच अंगणाकडची तळमजल्यावरची खोली मिळाली. खिडकीपुढच्या वाळक्या काड्या काढायला तिने मला सोबत नेले. नऊही झाडे एकमेकांना ढकलत उन्हासाठी वर गेली होती. खाली सगळी ओल. खोलीत भर दुपारी दिवा लागायचा.

"ही बाग तुझीच ना गं?" वडिलांनी विचारले.

"हो, बाबा."

"चांगली आहे. पण इथं ऊन का येत नाही?"

"झाडं जास्त लावली मी. वेळेवर काढायला हवी होती."

"मग आता काढ की. मला जरा ऊन बघायचंय."

ती तडक व्यवस्थापकांकडे गेली आणि परवानगी मिळेपर्यंत अडून बसली. पण खोडे आता मांडीएवढी झाली होती. करवतवाल्यांची वाट पाहण्यात दिवस जाऊ लागले. मी माझ्या परीने काड्या कापत राहिले. त्याने कितीसा उजेड येणार? करवत आली त्याच्या आदल्या दिवशी वडील गेले.

तरी ती आली. सहा झाडे पडेपर्यंत तिथेच उभी राहिली. मग ती त्या खोलीत गेली. खिडकीतून आलेले ऊन सरळ रिकाम्या गादीवर पडले होते. चादर घालायला आलेली नर्स म्हणाली, "बरं झालं हो, किती छान ऊन आलं." भिंतीला टेकून ताई हमसून हमसून रडली.

मित्रांनो, मला तेल लावाल तर बरे वाटेल, पण माझे मागणे वेगळे आहे. रोप लावताना ते मोठे होऊन किती जागा घेईल, हे आधी बघा. काढायचे असेल तर ते कोवळे असतानाच काढा, मग कोणी काहीही म्हणो. त्या बाबांनी लेकीच्या कामातले काहीतरी पहिल्यांदाच मागितले होते, आणि ते त्यांना मिळाले नाही.