तुलसाचे बूट

"रहांगडालेजी, भाभीजी कहाँ हैं? अभी तक नीचे नहीं आईं?"

बार्सिलोनातल्या हॉटेलखाली बस उभी होती आणि कंपनीचा टूरवाला हातातल्या यादीवर पेन टेकवून मला विचारत होता. यादी जुनी होती. माझ्या नावाखाली बायकोचं, तुलसाचं, नाव तसंच होतं. गळ्यात घालायचं तिचं कार्डसुद्धा त्यानं आदल्या दिवशी विमानतळावर माझ्याच हातात दिलं होतं.

"वो नहीं आईं," मी म्हणालो.

"तबीयत?"

"हाँ. तबीयत."

तिला जाऊन दोन महिने झाले होते. पण सकाळी आठ वाजता, बसभर माणसं ताटकळत असताना, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? आम्ही सगळे गोंदिया, बालाघाट, रायपूरकडचे खत-औषधांचे दुकानदार, आणि माझ्याखेरीज सगळे जोडीनं आलेले. मी खिडकीजवळची जागा रिकामी सोडली आणि तिथे पिशवी ठेवली. पिशवीत तिचे बूट होते.

नवेगाव बांधला आमचं कृषी केंद्र आहे. पाटीवर नाव माझं, पण दुकान तुलसाचं. मला पोती उचलून देता येतात आणि फार तर दोन शब्द गोड बोलता येतात. शेतकरी धानाचं रोगट रोप उपटून आणायचे ते तिच्यासमोर धरायला. ती नखानं काडी उभी चिरायची आणि आतली अळी तळहातावर घेऊन दाखवायची.

"हा पाहा खोडकिडा. वरून धान हिरवागार दिसते, अन् हा आत बसून खाऊन राहिला."

दोन हजार बाराच्या खरिपात माल पुरवणाऱ्या कंपनीनं स्कीम लावली. ठरलेला माल उचलला की जोडप्याला बार्सिलोनाची सहल, शनिवार-रविवार. मी तो कागद टोपलीत टाकला होता. तिनं तो बाहेर काढला, कारण त्यावर समुद्राचा फोटो होता.

"त्याले पल्याडची पाळ नसते म्हणते. खरं काय जी?"

"नसते."

"अन् खारट राहते म्हणते. एवढ्या पाण्यात एवढं मीठ टाकते तरी कोण?"

आमच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभं राहिलं की समोरचे डोंगर दिसतात. तिनं जन्मभर पाणी पाहिलं ते तेवढंच. पाणी आहे आणि पलीकडे काहीच नाही, हे तिच्या डोक्यात बसेना. त्या दिवसापासून तिनं गिऱ्हाइकांना असं काही पटवायला घेतलं की मी बघतच राहिलो.

ऑगस्टमध्ये एकदा ती पोट दाबून म्हणाली, "आठ दिवसांपासून दुखून राहिलं जी. गोंदियाले दाखवून येऊ का?"

दुकानापुढे रांग होती. मी म्हणालो, "एवढा सीजन निघू दे. टार्गेट आता होतेच."

तिनं मान हलवली आणि पुढच्या माणसाला काय हवं ते विचारलं. हे मी बोललो. देवानं नाही, डॉक्टरनं नाही, मी.

दसऱ्याला टार्गेट झालं. कंपनीचं पत्र आलं, त्यात लिहिलं होतं की चालण्याचे बूट सोबत आणावेत. तुलसानं आयुष्यात चपलेपलीकडे काही घातलं नव्हतं. अर्जुनीहून पांढरे कापडी बूट आणले आणि रोज संध्याकाळी तलावाच्या पाळीवर चालण्याचा सराव सुरू झाला. लुगडं आणि खाली बूट. सोबतीला शेजारची शामकला. दोघी हसून हसून बेजार व्हायच्या. पण अर्ध्या वाटेवर तुलसा दगडावर बसायची.

"काऊन, बूट चावते का?" मी विचारायचो.

"हो ना जी. चावून राहिले."

मी बूटवाल्याला मनसोक्त शिव्या घातल्या. टाचेच्या जागी कापूस लावून दिला, स्वतःच्या हातानं. दुसऱ्या दिवशी ती आणखी लवकर बसली. मी कापूस आणखी जाड केला.

दिवाळीनंतर नागपूरला नेलं. डॉक्टरनं फिल्म उजेडासमोर धरली, बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "इतके दिवस काय करत होता?"

जानेवारीत ती गेली. तिचा पासपोर्ट तेरवीच्या दिवशी आला. जेवणाच्या पंगती बसल्या होत्या आणि मी दारात उभा राहून पोस्टमनच्या कागदावर सही केली.

"बाबा, आता कायले जाता?" टिकेश, माझा मुलगा, म्हणाला.

मलाही जायचं नव्हतं. पण जिच्यासाठी तिचं दुखणं थांबवून ठेवलं, ती सहलच सोडून दिली, तर मग तुलसा गेली कशासाठी? या प्रश्नाला भिऊन मी विमानात बसलो.

रविवारी आम्हाला समुद्रावर सोडलं. मार्चचा गार वारा होता. बाकीचे फोटो काढत होते. मी लांब एका बाजूला जाऊन उभा राहिलो. पलीकडे खरंच पाळ नव्हती. मी पिशवीतून बूट काढले आणि पाण्याकडे तोंड करून वाळूवर शेजारी शेजारी ठेवले.

"घे, पाहून घे," मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो.

तेवढ्यात लाट आली. एक बूट जागीच भिजला, दुसरा तरंगत निघाला. मी पँटसकट कमरेएवढ्या पाण्यात घुसलो.

"अरे रहांगडालेजी, पगला गए क्या! एक जूते के लिए!" बालाघाटचा ईश्वरदास हसत ओरडत धावत आला आणि त्यानं माझा दंड धरला. मग त्याला माझ्या हातातला बूट दिसला. बायकी, लहान मापाचा. त्याचं हसू गेलं. त्यानं बसपर्यंत माझा दंड सोडला नाही.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी शामकला आली. उंबऱ्याच्या आत खाली बसली.

"दिसला का जी समुद्र?"

"दिसला."

"पल्याडची पाळ?"

"नाई."

मी बूट आणून तिच्यापुढे ठेवले. वरून वाळले होते. कापडावर पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. ती त्यांच्याकडे पाहत राहिली, आणि मला राहवलं नाही.

"शामकला, तिनं ऑगस्टमधीच सांगितलं होतं मले. मीच थांब म्हटलं."

"मालूम आहे."

"मंग पाळीवर काऊन नाई बोलली? बूट चावते म्हणे."

शामकलानं पदर तोंडाशी नेला. "तिचे पाय मीच धुतले, भाऊजी. न्यायच्या आधी. एक फोड नोता. टाचा साजऱ्या होत्या." पदर खाली घेऊन ती म्हणाली, "पोटाचं आमच्या ह्यायले सांगशीन तर पाहजो, म्हणे मले. दुकान बंद करून बसतीन, म्हणे. मीबी नाई बोलली."

मला तिच्यावर रागावताही येईना.

मग तिनं हात पुढे केला. आमच्याकडे पायातली वस्तू कोणी उंबऱ्याच्या आत आणत नाही, दुसऱ्याच्या पायातलीला हात लावणं तर दूरच. तिनं त्या पांढऱ्या रेघेवर बोट फिरवलं आणि ते जिभेला लावलं.

"खारट आहे," ती म्हणाली. "खरंच खारट आहे, तुलसा."

तिनं बूट माझ्याकडे सरकवले. मी आत बोट घालून पाहिलं. टाचेच्या जागी मी लावलेला कापूस अजून ओला होता.