चौसष्ट सह्या, पासष्ट मतं

संध्याकाळचे पावणेआठ वाजले तेव्हा मतदारांच्या वहीत त्रेसष्ट सह्या झाल्या होत्या. लव्हॉन ब्रॅबेक दर दोन मिनिटांनी खिडकीपाशी जाऊन रस्त्याकडे पाहून येत होती.

हव्या होत्या पासष्ट. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, समितीने मार्चमध्ये ठराव केला होता की मे महिन्यातल्या प्राथमिक निवडणुकीत ज्या केंद्रावर शंभरातले तीस मतदारही येणार नाहीत, ते केंद्र बंद करायचं. तिथल्या लोकांनी मग नोव्हेंबरच्या मतदानाला बावीस मैलांवरच्या गावी, जत्रेच्या मैदानातल्या सभागृहात जायचं. प्लम क्रीकच्या यादीत दोनशे पंधरा नावं होती. लव्हॉनने त्याच दिवशी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर भागाकार केला. चौसष्ट आले तर तीसला जरासं कमी, पासष्ट आले तर जरासं जास्त. ते पाकीट तेव्हापासून तिच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर चिकटवलेलं होतं.

प्राथमिक निवडणुकीला लोक एरवीही कमीच येतात. नोव्हेंबरात खरी लढत, मे महिन्यात नुसता पक्षाने आपला उमेदवार ठरवायचा. त्यातून यंदा आठ दिवस पाऊस लागून राहिला होता आणि नेमकं मतदानाच्या दिवशी ऊन पडलं. मक्याची पेरणी खोळंबलेली माणसं ट्रॅक्टरवरून उतरायला तयार नव्हती.

केंद्र होतं टाउनशिपच्या, म्हणजे गावाच्या, सभागृहात, आणि सभागृह म्हणजे जुनी एकखोली शाळा. फळा अजून भिंतीवर होता. या खोलीत लव्हॉनने अकरा वर्षं पहिली ते आठवीच्या मुलांना एकत्र बसवून शिकवलं होतं. पुढे शाळा गेली, टपालघर गेलं, किराणा दुकानही गेलं. आता हे दार उघडायचं ते मतदानाला आणि वर्षातून एकदा रस्त्यांच्या बैठकीला. शेताला शेत लागून असलेली माणसं इथेच समोरासमोर यायची, आलुबुखाराचं सारण भरलेले लव्हॉनचे गोल पाव खायची, कॉफी प्यायची, आणि जाता जाता मतही द्यायची.

केंद्रावर तिघं होती. लव्हॉन प्रमुख. मतपत्रिका द्यायला ड्वेन होलूब, निवृत्त पोस्टमन, साठीच्या घरातला, तिचा जुना विद्यार्थी. तो अजून तिला बाईच म्हणे. तिसरी आयोना मार्श. नियमाप्रमाणे केंद्रावर दुसऱ्या पक्षाचं एक माणूस असावं लागतं, आणि प्लम क्रीकमध्ये दुसऱ्या पक्षाची आयोना एकटीच होती. त्या पक्षाची मतपत्रिका पिवळी. त्यामुळे तिचं गुप्त मतदान सगळ्या गावाला पाठ असे, आणि ती त्यावर स्वतःच हसे.

आठला पाच मिनिटं कमी असताना चिखलाने माखलेला एक ट्रॅक्टर थेट पायऱ्यांपाशी येऊन थांबला. चौसष्ट झाले. त्यानंतर कुणी आलं नाही. आठ वाजले. ड्वेन रिवाजाप्रमाणे पायरीवर जाऊन उभा राहिला आणि रिकाम्या रस्त्याला मोठ्याने सांगून आला की मतदान बंद झालं आहे. लव्हॉनने वहीतल्या शेवटच्या नावाखाली पट्टी धरून रेघ ओढली, आकडा लिहिला, आणि तिघांनी त्याखाली सह्या केल्या.

"एका माणसाने गेलं," ड्वेन म्हणाला.

लव्हॉनने पेटीची किल्ली काढली.

मतपत्रिका आधी न उघडता नुसत्या मोजायच्या असतात. आयोनाने दहा-दहाचे गठ्ठे लावले. सहा गठ्ठे झाले आणि वर पाच उरल्या. तिने पुन्हा मोजल्या. मग ड्वेनने मोजल्या. पासष्टच.

ड्वेनच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. लव्हॉनने मात्र वही पुन्हा पुढ्यात ओढली. पेटीत पासष्ट आणि वहीत चौसष्ट, याचा अर्थ कुणीतरी सही न करता मत दिलं होतं. सही करून घेण्याचं काम तिचं होतं.

ती वहीतली यादी पहिल्यापासून वाचत गेली. प्रत्येक नावाशी तो माणूस आज आला होता की नाही हे तिला आठवत होतं. आज आलेला आणि सही नसलेला शोधायचा होता. यादीच्या शेवटाकडे तिचं बोट थांबलं. व्हाचेक, एमिल. समोरची जागा कोरी.

एमिल अठ्ठ्याऐंशी वर्षांचा. दुपारी बाराच्या सुमारास आला होता, उजवा हात मनगटापासून प्लास्टरमध्ये. कोंबड्यांच्या खुराड्यावरून पडला होता. नियमाची पुस्तिका सांगते की मतदाराला नाव विचारा, त्याने स्वतः मोठ्याने सांगितलं पाहिजे, मग सही घ्या, मग पत्रिका द्या. प्लम क्रीकमध्ये हे कधीच कुणी केलं नव्हतं. एमिल व्हाचेकला त्याचं नाव विचारायचं म्हणजे त्याचा अपमान करण्यासारखंच होतं. लव्हॉन माणूस दारातून येतानाच नाव शोधून ठेवी आणि वही त्याच्याकडे फिरवी. आज तिने एमिलचा हात पाहिला, त्याला बसवलं, सहीचं मागून बघू म्हणाली, ड्वेनला पत्रिका द्यायला सांगितली, आणि एमिल खुराड्याची गोष्ट सांगत असताना त्याच्यासाठी पावाला लोणी लावून दिलं. त्याने डाव्या हाताने मत दिलं. पाव खाल्ला. गेला.

तिने दोघांना हे सांगितलं. काही लपवलं नाही.

"मग सोपं आहे," ड्वेन म्हणाला. एमिलचं घर दोन मैलांवर होतं. फोन केला तर दहा मिनिटांत येईल, डाव्या हाताने का होईना सही करेल. नाहीतर बाईंनीच त्याच्या नावापुढे लिहावं की हात मोडल्यामुळे मदतीने सही. तसं लिहायची नियमात सोय होतीच.

"आठच्या आधी सोय होती," लव्हॉन म्हणाली. "आता रेघ ओढली आहे."

तिने पुस्तिका उघडून ते पान त्याच्यापुढे ठेवलं. मतदान संपल्यावर वहीत काही लिहायचं नाही. पेटीत सह्यांपेक्षा जास्त पत्रिका निघाल्या तर त्या परत पेटीत घालून हलवायच्या, एकाने तोंड फिरवून तितक्याच बाहेर काढायच्या, न उघडता लखोट्यात बंद करायच्या. उरतील तेवढीच मतं मोजायची.

ड्वेनने ते पान दोनदा वाचलं. रागावला की तो आवाज खाली आणत असे, लहानपणापासून. "बाई, आज इथे पासष्ट माणसं आली. हे खरं आहे की नाही?"

"खरं आहे."

"मग चूक आहे ती वही. खरं लिहायला कसली बंदी?"

तो चुकीचं काही बोलत नव्हता. लव्हॉनच्या मनात बर्निस कोलार आली. नव्वदीची, सकाळी वॉकर ढकलत आलेली. ती बावीस मैलांवर जाणार नव्हती. आणखीही दहाबारा नावं तिला त्या क्षणी सांगता आली असती. लेखणी हाताशी होती. एक ओळ लिहायची होती, आणि ती ओळ खोटी नव्हती.

ड्वेनने तिची नजर लेखणीकडे गेलेली पाहिली आणि जरा मऊ आवाजात म्हणाला, "रॉडनी पेश्काच्या वेळी तर तुम्ही केलंच होतं."

तिने मान वर केली.

जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. काउंटीने तेव्हाही आकडा ठरवला होता: आठपेक्षा कमी मुलं असतील तर शाळा बंद. लव्हॉनच्या वर्गात आठ होती. ऑक्टोबरात पेश्कांनी शेत विकलं आणि ते शहरात राहायला गेले. राहिली सात. लव्हॉनने ते वरती कळवलं नाही. हजेरीत रॉडनीचं नाव तसंच ठेवलं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत रोज त्याच्यापुढे खूण केली. हे आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती.

"तुला कसं माहीत?"

"सगळ्यांना माहीत होतं. तुम्ही नावं वाचायचात तेव्हा रॉडनीपाशी जरा थांबायचात आणि खूण करायचात. आम्ही सात जण बघायचो." तो हसला. "आम्ही घरीही कधी बोललो नाही. आम्हाला वाटलं, बाईंनी हे आपल्यासाठी केलंय. त्यामुळे मला इथे अजून एक वर्ष मिळालं, बाई. मी ते कधी विसरलो नाही."

तो हे उपकार मानून सांगत होता. लव्हॉनच्या डोळ्यांपुढे सात मुलं आली, पेन्सिली हातात धरून शांतपणे तिच्या हाताकडे बघणारी. त्या वर्षी तिने त्यांना अपूर्णांक शिकवले होते, नद्यांची नावं शिकवली होती. आणि रोज सकाळी नऊ वाजता हेही शिकवलं होतं. बाकी धडे ती उजळणी करून घ्यायची. हा एक उजळणीशिवाय पन्नास वर्षं टिकला होता.

"शाळा पुढच्या वर्षी बंद झालीच," ती म्हणाली.

"पण रॉडनी तिथे नव्हता. एमिल आला होता. हे तर त्याहून खरं आहे."

"म्हणून तर हे जास्त अवघड आहे, ड्वेन." ती सावकाश बोलत होती, फळ्यापाशी उभी राहून बोलायची तशी. "तू परीक्षेत नेहमी काय करायचास, आठवतं? घंटा झाली तरी लिहीत राहायचास. म्हणायचास, बाई, उत्तर येतंय मला. आणि यायचंच तुला."

"तुम्ही पेन्सिल काढून घ्यायचात."

"हो. कारण घंटा झाली की पेन्सिल खाली. उत्तर येत असलं तरी. आज रेघ ओढल्यावर मी खरं नाव लिहीन. उद्या या खुर्चीवर दुसरं कुणी बसेल, त्यालाही आपण लिहितोय ते नाव खरंच वाटेल."

आयोना इतका वेळ कॉफीचे पेले पुसत होती. ती म्हणाली, "मी चौसष्टवर सही केली आहे. खोडायला लावू नका, माझं अक्षर आधीच वाईट आहे." मग तिने आपली पिवळी पत्रिका गठ्ठ्यातून वेगळी काढली. वहीत पिवळी पत्रिका दिल्याची नोंद एकच होती आणि पेटीतही पिवळी एकच. "ही बाजूला ठेवून बाकीच्यांतून काढा. नाहीतर आमच्या पक्षाचं मतदान शून्यावर येईल."

ड्वेनलाही हसू आलं. पण बाकीच्या पत्रिका परत आत घातल्यावर पेटी त्याने हलवली नाही. ती लव्हॉननेच हलवली, आणि भिंतीकडे तोंड करून हात आत घातला. बोटांना घडीचे कागद लागत होते. कुठला एमिलचा, कुठला तिचा स्वतःचा, कुठला सकाळी धापा टाकत आलेल्या बर्निसचा, काही कळायला मार्ग नव्हता. तिने एक काढला. पाहिला नाही. लखोट्यात घालून चिकटवला आणि वर तिघांनी सह्या केल्या. मग उरलेली चौसष्ट मतं मोजायला घेतली. आयोना नाव वाचे, ड्वेन फळ्यावर चार उभ्या आणि एक आडवी अशा रेघा ओढी. शेवटची रेघ ओढून झाल्यावर त्याने खडू फळ्याच्या कडेवर ठेवला आणि हात झटकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लव्हॉन एमिलकडे गेली. तो डाव्या हाताने कोंबड्यांना दाणे टाकत होता. तिने सगळं सांगितलं: चूक तिची होती, तिच्यामुळे कुणाचं तरी एक मत वाया गेलं, कदाचित त्याचंच, आणि आता केंद्रही जाणार.

एमिलने आणखी एक मूठ दाणे टाकले. "तू मला नाव का नाही विचारलंस?" तो म्हणाला.

"तुम्हाला राग आला असता."

"आला असता," एमिल म्हणाला. "मग उतरला असता."

जूनमध्ये समितीची बैठक झाली. ड्वेन तिथे जाऊन उभा राहिला आणि त्याने झालं तसं सगळं सांगितलं, वहीसुद्धा आणि पेटीसुद्धा. समितीने ऐकून घेतलं. एकाने आभारही मानले. केंद्र बंद झालं ते झालंच.

नोव्हेंबरात मतदानाच्या दिवशी लव्हॉनच्या गाडीत चार जण होते आणि ड्वेनच्या जुन्या व्हॅनमध्ये सात. पाव मागच्या सीटवर टोपलीत झाकून ठेवले होते. बर्निस कोलार आली नाही. लव्हॉन दोनदा तिच्या दारात जाऊन आली होती. इतका वेळ गाडीत बसणं होणार नाही, असं तिने सांगितलं, आणि ते खरं होतं.

जत्रेच्या सभागृहात टेबलामागे एक तिशीतली बाई बसली होती. ती यांच्यातल्या कुणालाच ओळखत नव्हती. रांगेत एमिल पुढे होता, त्याच्यामागे लव्हॉन.

"तुमचं नाव सांगा," ती बाई म्हणाली.

एमिल क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. लव्हॉनच्या ओठांवर ते नाव आलं होतं. तिने ते गिळलं.

मग एमिलने टोपी काढली, मान ताठ केली आणि आपलं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, इतक्या मोठ्याने की दाराशी उभ्या असलेल्या ड्वेननेही वळून पाहिलं. त्या बाईने यादीवर बोट फिरवलं, नाव सापडलं, वही त्याच्याकडे फिरवली. एमिलने बऱ्या झालेल्या उजव्या हाताने सही केली. फार वेळ लावला. मागे रांग थांबून राहिली, आणि लव्हॉननेही त्याला घाई केली नाही.