टाळीचं वाक्य

फौजी गेला तेव्हा काकू रडली नाही, आणि त्याचं गल्लीत कुणाला नवलही वाटलं नाही. "फौजीची बायको ती, खमकीच असणार," लोक म्हणाले. खमकी कसली डोंबलाची! त्या माणसाने घराची छावणी करून टाकली होती. उठायला शिट्टी, जेवायला शिट्टी, चादरीला सुरकुती दिसली की गादी थेट अंगणात. निवृत्त झाला तेव्हा तिला वाटलं, आता तरी निवांत होईल. कसलं काय! हुकूम ऐकायला तुकडी उरली नाही, म्हणून सगळे हुकूम एकट्या बायकोच्या वाट्याला आले. अशा माणसासाठी डोळ्यांत पाणी आणायचं कुठून?

शोकसभेच्या दिवशी सकाळी फौजीच्या तुकडीचे जुने साहेब घरी आले. आता काठी टेकत चालायचे, पण आवाज अजून मैदानावरचा होता. काकूचा मुलगा त्यांच्यापुढे नुसता विरघळत होता. चौकाला बापाचं नाव मिळावं म्हणून त्याने जोडे झिजवले होते, आणि सभेला खुद्द नगराध्यक्ष येणार होते.

साहेबांनी भाषण वाचून दाखवलं. शिस्त झाली, शौर्य झालं.

"आणि आता ऐक. 'पोटचं पोर तापाने फणफणलंय अशी तार आली, पोर हातचं गेलं, तरी हा पठ्ठ्या ठाण्यावरून हलला नाही. म्हणाला, साहेब, आधी देश!' इथे टाळी पडते बघ."

काकू चहा घेऊन दारातच उभी होती. तिने ट्रे टेबलावर आदळला.

"ते वाक्य काढा."

"वहिनी, सगळ्यात भारी वाक्य आहे ते."

"साहेब, रजा तुम्हीच दिली होती ना? गाडीसुद्धा तयार ठेवली होती. तुमच्याच तोंडून ऐकलंय मी."

साहेबांनी कप उचलला. "दिली होती."

"मग का नाही आले हे?"

"गेलेल्या माणसाबद्दल आता कशाला..."

"मी सांगते. मोठे अधिकारी पाहणीला यायचे होते, आणि ह्यांची बढती अडकली होती. देश कसला घेऊन बसलात!"

मुलगा मध्ये पडला. "आई, गाडलेली मढी कशाला उकरतेस?"

"मी उकरतेय? माझं लेकरू गप पडलं होतं. तुम्ही त्याला चौकात मांडायला निघालात!"

साहेबांनी शब्द दिला, वाक्य काढतो म्हणाले. काकूने विश्वास ठेवला. न ठेवून करते काय?

सभागृहात पहिल्या रांगेत बसल्यावर तिला ती बढतीची पट्टी आठवली. पोराचे कपडे अजून दोरीवरच होते, काढायला तिचा हात होत नव्हता, आणि फौजीने सदरा पुढ्यात टाकला होता. "ही बाहीवर शिव. टाके बारीक घाल." तिने शिवली होती. बारीक टाके घातले होते. आतल्या आत त्याला शिव्यांची लाखोली वाहिली होती, ती काही टाक्यांत दिसली नाही.

तेवढ्यात माईकवरून साहेबांचा आवाज घुमला. "... तरी हा पठ्ठ्या ठाण्यावरून हलला नाही! म्हणाला, साहेब, आधी देश!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. नगराध्यक्षांनी वाजवल्या. शेजारी मुलगाही वाजवत होता, डोळे पुसत पुसत. काकूच्या अंगाचा तिळपापड झाला. ती ताडकन उठली.

"बंद करा त्या टाळ्या! रजा मिळाली होती त्यांना. दारात गाडी उभी होती. माझं पाच वर्षांचं पोर 'बाबा आले का?' विचारत गेलं, आणि हे तिकडे पाहणीसाठी बुटांना पॉलिश करत होते!"

टाळ्या थांबल्या.

"एवढ्या टाळ्या वाजवल्यात ना? मग नाव सांगा त्याचं. साहेब, तुम्ही सांगा."

साहेबांनी हातातला कागद उलटा केला, सुलटा केला. तिथे नुसतं 'पोर' होतं.

मुलाने तिचा पदर ओढला. "आई, खाली बस. लोक बघतायत. काय होतं गं नाव? मी सांगतो त्यांना."

त्याला माहीत नव्हतं. तो मागाहून जन्मलेला, आणि ते नाव घरात कुणी घ्यायचं नाही असा फौजीचा हुकूम होता. सख्ख्या भावाचं नाव माहीत नाही, आणि टाळ्या मात्र दोन्ही हातांनी वाजवत होता! काकूने पदर हिसकावून घेतला.

"नाही सांगत. तुला सांगितलं तर उद्या त्याचीही पाटी लावशील."

ती चालत बाहेर आली. रस्त्यावर ऊन होतं, येणारीजाणारी माणसं होती. काकू मधोमध उभी राहिली आणि तिने आपल्या त्या गेलेल्या लेकराला नाव घेऊन खणखणीत हाक मारली, खेळणाऱ्या पोराला जेवायला बोलवावं तशी.